खालचे सुळे काढू देऊ नकोस

बोरिवली, मुंबई

प्रिय दत्ता,

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. वरचे चार हलणारे दात जाणार, त्याला इलाज दिसत नाही. ते काढून वर पूर्ण कवळी बसव. खाली मात्र घट्ट असलेला एकही दात काढू देऊ नकोस, आणि ते दोन सुळे तर मुळीच नाही. "सगळे साफ करून वर-खाली पूर्ण सेट करू, कटकट मिटेल" असं तुला सांगण्यात आलंय ते मला पटलेलं नाही. परवा फोनवर तुझा नितीन इम्प्लांटचं, म्हणजे हाडात टायटॅनियमचे खुंट रोवून त्यावर दात बसवायचं, बोलत होता, वहिनी मागून "राहू दे ना आहे तसं" म्हणत होत्या आणि तू नुसता हुंकार भरत होतास. त्या गडबडीत माझं म्हणणं धड मांडता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. तिघांनीही वाचा.

मी दाताचा डॉक्टर नाही, पेशंटच्या तोंडात हात घालणं हे माझं काम नव्हतं. पण नोकरीची सगळी वर्षं लॅबमध्ये गेली, हे तू जाणतोसच. माझ्या टेबलावर यायची ती मापं आणि त्यांवरून ओतलेली प्लास्टरची मॉडेलं. कवळी नवी करायची वेळ आली की त्याच माणसाचं मॉडेल काही वर्षांनी पुन्हा हातात यायचं. वरचा जबडा बऱ्यापैकी ओळखीचा वाटायचा. खालचा मात्र आधी चांगला उंच असलेला, तो पार सपाट होऊन आलेला असायचा. त्यावर कवळी टिकवायची कशी, या चिंतेत माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत. तुझा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा तो मोठा एक्स-रे, पाहिल्यावर मला ती सपाट मॉडेलंच आठवली आणि राहवेना.

दाताला धरून ठेवणारं जे हाड असतं ते दातासाठीच असतं. दात निघाला की त्याचं काम संपतं आणि ते झिजू लागतं. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त, मग हळूहळू, पण आयुष्यभर. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षांची पाहणी टालग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट निघाली. आमच्याकडे कवळ्यांच्या विभागातले सर नव्या मुलांना हे शिकवायचे तेव्हा माझ्याच टेबलावरची जुनी-नवी मॉडेलं शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे.

आता वर कवळी चालेल आणि खाली नको असं मी का म्हणतो ते बघ. वरची कवळी सगळी टाळू व्यापते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, आणि दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तशी ती धरून राहते. कडा नीट बंद झाल्या असतील तर ओढूनही सहज सुटत नाही. खाली टाळू नाही, मध्ये जीभ आहे. कवळीला टेकायला जागा वरच्यापेक्षा जवळपास निम्मी, तीही नालेच्या आकाराची अरुंद पट्टी, आणि जीभ, गाल, ओठ तिला सतत ढकलत असतात. खालच्या पूर्ण कवळीची तक्रार नाही असा माणूस क्वचित भेटतो. खूप जण ती डबीत ठेवून फक्त वरचीच लावतात. म्हणून ज्याच्या खालच्या जबड्यात धरायला काही शिल्लक आहे त्याने ते आपल्या हाताने घालवू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्याकडे शिल्लक काय आहे? ओपीजीत मला खाली पुढचे सहा दात आणि दोन्ही बाजूंना सुळ्यामागची एकेक छोटी दाढ दिसली. मोठ्या दाढा दोन्हीकडे नाहीत. मधले पटाशीचे दात थोडे उघडे पडलेत, त्यांच्याभोवतीचं हाड खाली गेलंय, पण सुळे भक्कम वाटतात. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, म्हणून पायोरियात बाकीचे गेले तरी तो बहुधा शेवटपर्यंत टिकतो. उद्या पटाशीचे चारही दात गेले तरी दोन सुळे पुरतात. त्यांचं रूट कॅनॉल करून ते हिरडीच्या जरा वर ठेवून कापतात, गुळगुळीत करतात आणि त्यावर कवळी बसवतात. याला ओव्हरडेंचर म्हणतात. मूळ आत राहिलं की हाड राहतं. १९७८ साली छापून आलेल्या एका पाच वर्षांच्या तुलनेत, सुळे राखून कवळी केलेल्यांचं खालच्या पुढच्या भागातलं हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं होतं, आणि सगळे दात काढून कवळी केलेल्यांचं ५.२ मिलिमीटर. हे वाचल्यावरही "सगळे साफ करू" कुणी म्हणालं तर त्यांना कारण विचार. कारण असूही शकतं. मी नुसता फोनवरचा फोटो पाहिलाय, दात हलवून पाहिलेला नाही. पण कारण ऐकल्याशिवाय होकार देऊ नकोस.

आणखी एक गोष्ट आहे, जी तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. वर पूर्ण कवळी, खाली नुसते पुढचे दात आणि मागे काहीच नाही, अशी जोडी फार वाईट. खाताना खालचे दात वरच्या कवळीला पुढच्या बाजूनेच रेटत राहतात. काही वर्षांत वरचं पुढचं हाड झिजतं, तिथली हिरडी लुसलुशीत, हलती होते, मग वरची चांगली बसलेली कवळीसुद्धा डुगडुगायला लागते. म्हणून वरची कवळी केलीस की खाली मागच्या दाढांची पार्शल, म्हणजे गेलेल्या दातांपुरती काढता-घालता येणारी कवळी, करायलाच हवी, आणि ती रोज लावायला हवी. "वरची आहे ना, खाली चालतंय" असं म्हणून खालची कपाटात ठेवलीस तर वरचीही जाईल. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हे दोनदा वाच.

खालची पार्शल साध्या गुलाबी ॲक्रिलिकची होते, लवचिक नायलॉनची होते आणि धातूच्या सांगाड्यावर होते. या तिसऱ्या प्रकाराला कास्ट पार्शल म्हणतात. सांगाडा कोबाल्ट-क्रोमियमचा, पातळ आणि कडक असतो. दातांवर छोटे टेकू बसतात, त्यामुळे दाब थोडा दातांवर आणि थोडा हिरडीवर असा वाटला जातो. ॲक्रिलिकच्या पार्शलला टेकू नसले तर ती हिरडीत रुतत जाते आणि ज्या दातांना धरते त्यांच्याच हिरडीला इजा करते. लवचिक पार्शल दिसायला छान, तार दिसत नाही, पण तुझ्यासारख्या मागे आधार नसलेल्या जबड्यात ती चावताना वाकते. पैसे खर्च करायचेच तर धातूच्या सांगाड्यावर कर. हे मी केलेल्या कामावरून सांगतोय.

आता नितीनचा मुद्दा. तो बापावर माया करतो म्हणून लाखांचा खर्च करायला तयार झालाय, हे ऐकून मला भरून आलं. इम्प्लांट वाईट नाही. टायटॅनियमला हाड धरून ठेवतं हे ब्रेनेमार्क यांना १९५० च्या दशकात दिसलं, १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला ते बसवले गेले, आणि आज त्यात शंका राहिलेली नाही. खाली एकही दात नसलेल्या माणसाला नुसत्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी द्यावी, हीच पहिली निवड असावी, असं २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलं. ते दोन इम्प्लांट कुठे बसवतात माहीत आहे? बहुधा सुळ्यांच्याच आसपास. म्हणजे देवाने दिलेले दोन खांब उपटायचे आणि त्याच जागी विकतचे दोन रोवायचे. ज्याचे गेलेत त्याच्यासाठी ते वरदान आहे. तुझे अजून उभे आहेत. नितीनला सांग, तो पैसा बँकेत राहू दे. पुढे कधी सुळे गेलेच तर तेव्हा हा रस्ता बंद झालेला नसेल.

शिवाय तुझी साखर. इम्प्लांट हाडात रुजायला तीन ते सहा महिने लागतात, आणि साखर वर-खाली होत असली की जखम भरत नाही, जंतू लवकर शिरतात. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही असं नाही, साखर ताब्यात असली तर होतं. पण गेल्या वर्षीचा तुझा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट मला आठवतो आणि तो काही चांगला नव्हता. दात काढण्याआधीही तो नव्याने करून घे. साखर आणि हिरड्या या दोघी एकमेकींना बिघडवतात. हिरड्यांची सूज उतरली तर साखरेलाही थोडा उतार पडतो. म्हणून कवळीच्याही आधी खालच्या दातांची खोल साफसफाई हवी. आणि स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचाय म्हणून आपल्या मनाने बंद करू नकोस. दाताच्या डॉक्टरांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायची ती गोष्ट आहे. आपण दोघं म्हातारे बाकावर बसून ती ठरवायची नाही.

वहिनी म्हणतात आहे तसं राहू दे. त्यांचं म्हणणं मी धुडकावत नाही. प्रत्येक फट भरलीच पाहिजे असं नसतं. तोंडात वीसेक दात समोरासमोर चावत असतील तर माणूस नीट खातो, नीट बोलतो. जपानने १९८९ पासून "ऐंशीव्या वर्षी वीस दात" हीच मोहीम चालवली. वहिनींची स्वतःची एकच मागची दाढ गेली आहे. दात दाखवून समोरची दाढ खाली सरकत नाही ना एवढं बघून घेतलं, तर त्यांना कशाचीच घाई नाही. पण तुझ्याकडे उरलेत बारा, त्यातले चार जाणारे. त्या हलत्या दातांत पू होतोय, तू दोन महिने भाताच्या पेजेवर आहेस, आणि मागच्या एकादशीला तू गायला बसलाच नाहीस. हे राहू देण्यासारखं नाही.

त्या एकादशीचं मला नंतर कळलं. मंडळातल्या पोरांनी सांगितलं की बुवा पेटीवर बसले पण तोंडावर उपरणं धरून. दत्ता, लालबागच्या चाळीत तू पहिला गजर उचललास की तिसऱ्या मजल्यावरची माणसं खाली यायची, ते मी विसरलेलो नाही. दात गेले यात लाज कसली? पण तुला वाटते तर वाटते, तिच्यावरही उपाय आहे आणि तो सगळा आपल्या हातात आहे.

गणपतीत तुझ्या बाऱ्या ठरलेल्या आहेत, म्हणून डॉक्टरांना इमिजिएट कवळीबद्दल विचार. दात काढायच्या आधीच माप घेऊन ती तयार ठेवतात आणि दात काढले की त्याच बैठकीत बसवतात. तोंड रिकामं राहत नाही. पण ती कायमची समजू नकोस. जखम भरताना हिरडी बसते, कवळी सैल होते, तिला आतून अस्तर लावावं लागतं, आणि काही महिन्यांनी हाड स्थिरावलं की नवी करावी लागते किंवा तीच आतून पूर्ण भरून घ्यावी लागते. हा जास्तीचा खर्च आधी धरून चाल, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही.

पक्की कवळी करताना चार-पाच फेऱ्या होतात. आधी कच्चं माप, मग तुझ्याच जबड्यासाठी केलेल्या ट्रेमध्ये बारीक माप, मग मेणाच्या पट्ट्यांवर चाव्याची नोंद, आणि त्यानंतर मेणात दात लावून ट्राय-इन. ही फेरी सर्वांत महत्त्वाची, आणि पेशंट हिलाच सर्वांत घाईत उरकतात. दात मेणात असेपर्यंत एकेक दात पुढे-मागे, वर-खाली करता येतो. एकदा ॲक्रिलिक शिजलं की संपलं. म्हणून त्या दिवशी वहिनींना सोबत ने, आणि दात चांगले होते तेव्हाचा हसतानाचा एखादा फोटो ने. नितीनच्या मुंजीतला आहे ना, तो चालेल. आमचे सर पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोजायला लावायचे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, सगळा 'स'चाच खेळ. चावा उंच झाला असेल तर दातावर दात टकटक आपटतो, आणि पुढचे दात चुकले असतील तर 'स'मध्ये शिट्टी येते आणि 'फ', 'व' घसरतात. तू आकडे मोज आणि मग डॉक्टरांची परवानगी घेऊन एक पूर्ण अभंग म्हण. वरच्या पट्टीत, तोंड पूर्ण उघडून. ताना घे. तिथे जे खटकेल ते तिथेच सांग. मी लॅबमध्ये असताना गाणाऱ्या माणसाची कवळी आली तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहावं अशी माझी विनंती असायची, कारण टाळूमागची जाडी जरा जरी जास्त झाली तरी जिभेला जागा कमी पडते. तुझ्या चिठ्ठीवर "बुवा, भजन गातात" असं लिहून घे.

नवी कवळी आली की तोंडात लाळ सुटेल, जीभ अडखळेल, कुठेतरी टोचेल. टोचलं तर घरी कानसायची नाही, दाखवायला जायचं. पहिल्या दिवसांत मोठ्याने वाचन कर. जेवताना लहान घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. पेरू फोडी करून, भाकरी हाताने मोडून. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच असतो हे आधीच माहीत असलं की निराशा होत नाही. माशांच्या बाबतीत मात्र तुला बजावून सांगतो. टाळू झाकली गेली की तोंडातला काटा जाणवत नाही. बांगडा, मुडदुशा खाताना सुरुवातीचे दिवस वहिनींना काटे काढून द्यायला सांग आणि बोलत बोलत जेवू नकोस. गरम चहाचंही तसंच, चटका उशिरा कळतो.

रात्री दोन्ही काढून साध्या पाण्यात ठेवायच्या. गरम पाणी नको, ॲक्रिलिक वाकतं. मऊ ब्रश आणि साधा साबण, टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू बसतात. वहिनींसमोर दात काढायला तुला संकोच वाटेल, तरी काढच. हिरड्यांना विश्रांती हवी. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या माणसांची पाहणी झाली, त्यात कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट दिसला. आणि तू तंबाखू सोडलीस याचा मला फार आनंद आहे, पण इतकी वर्षं खाल्ली आहेस. तोंडात कुठेही दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, पांढरा-लाल चट्टा दिसला, तर "कवळी लागत असेल" म्हणून अंगावर काढू नकोस.

मंडळातल्या कुणीतरी "एका दिवसात फिक्स दात" करून देणाऱ्याचा पत्ता दिलाय म्हणे. तिथे पाऊलही टाकू नकोस. तोंडातच ॲक्रिलिक कालवून शेजारच्या दातांना तारेने जखडतात. ते काढता येत नाही, खाली साफ होत नाही, आत हिरडी सडते, आणि ज्या सुळ्यांसाठी मी एवढं लिहितोय तेच आधी जातात.

तर आता काय करायचं. होकार देण्याआधी दुसरं मत घेऊ. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे कवळ्यांचा स्वतंत्र विभाग आहे. शिकणारी मुलं काम करतात पण वर शिक्षकांची नजर असते. वेळ जास्त लागतो, खर्च खासगीपेक्षा बराच कमी. खासगीतच करायचं असेल तर प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे कवळ्या आणि कृत्रिम दातांच्या शाखेत, एमडीएस झालेले बघू. माझ्या मते तुझ्यासाठी नायर बरं, लालबागहून सोयीचं पडेल.

सकाळी लवकर केसपेपर काढावा लागेल. ओपीजीची मूळ फिल्म, साखरेचा ताजा रिपोर्ट, स्टेंटची फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ठेव. नाश्ता आणि सकाळची औषधं नेहमीसारखी घे. तिथे विचारायचं एवढंच: खालचे कुठले दात वाचतील, सुळे ठेवून पार्शल होईल का, आणि नसेल तर का नाही. मी येतोच आहे बरोबर. पुढच्या आठवड्यात तुला कुठला दिवस जमेल ते नितीनकडून कळव, मी बोरिवलीहून फास्ट पकडून मुंबई सेंट्रलला फाटकापाशी थांबतो.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
शरद